तुमचे प्रश्न: निपाणीची एसटी, नंदगडची बाईक आणि शिनोळीचं तिकीट

निपाणीहून एक ताई विचारतात: मी कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत पॅकिंगला जाते. कर्नाटकात बायकांना बस फ्री, महाराष्ट्रात हाफ तिकीट, तरी माझा महिन्याचा खर्च काय कमी होत नाही. माझं कुठं चुकतंय?

ताई, तुमचं काहीच चुकत नाही. तुमचं घर कर्नाटकात आणि काम महाराष्ट्रात, आणि दोन्हीकडच्या सवलती नेमक्या हद्दीवरच्या दूधगंगेच्या पुलावर येऊन संपतात, एवढंच आहे. फ्री बसची शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना कर्नाटकातल्या प्रवासासाठी, साध्या गाडीला. महाराष्ट्राची एसटी 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट देते पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतलंच, म्हणजे निपाणीतून कोल्हापूरची एसटी धरली तर हद्दीपर्यंत फुल आणि तिथून पुढं हाफ. आता बरेच जण काय करतात, कर्नाटकाच्या लोकल गाडीनं शून्य रुपयाच्या तिकिटावर हद्दीजवळच्या कोगनोळीपर्यंत येतात आणि तिथून पुढं वडाप म्हणजे शेअरची खासगी गाडी, नाहीतर एसटी. पैसे वाचतात खरे, पण सकाळी कोगनोळीत हायवेला उभं राहून दुसरी गाडी मिळाली नाही की पंचिंगला लेट आणि अर्धा दिवस कट. तुम्हीच एक आठवडा दोन्ही करून बघा आणि हिशोब मांडा, त्यात अर्ध्या दिवसाची हजेरीपण धरा. माझं विचाराल तर जाताना सरळ एसटी, येताना गाड्या बदलत आलात तरी चालतंय, संध्याकाळी पंचिंग नसतं. आणि हद्द ओलांडणाऱ्या गाडीत आधार दाखवून फ्री मिळेलच असं धरू नका, चढायच्या आधीच कंडक्टरला विचारा, नाहीतर भर गर्दीत वाद होतो आणि वादाचं रूपांतर भाषेच्या भांडणात व्हायला आपल्याकडं दोन मिनिटं लागत नाहीत.

खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या बाजूचा एक वाचक: बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते म्हणून बाईकनं येतो. घरचे म्हणतात रेल्वेचा पास काढ. काढू काय?

भावा, तुझ्यासाठी रेल्वे उपयोगाची नाही आणि कारण सोपं आहे. खानापूरहून गाडी इदलहोंड, देसूर करत बेळगाव स्टेशनात जाते, म्हणजे तू उद्यमबागेच्या पुढं जाऊन परत मागं येणार, वर रिक्षाचे पैसे. खानापूर-बेळगाव बस उलट मच्छे, पिरनवाडी करत उद्यमबागेतच सोडते. ज्याचं काम स्टेशनजवळ, कॅम्पात किंवा बाजारात आहे त्यानं मात्र सीझन तिकीट जरूर काढावं, तीन महिन्यांचं घेतलं तर अजून स्वस्त पडतं, फक्त रिझर्वेशनच्या डब्यात बसायचं नाही. आता बेळगावला वंदे भारतपण थांबते, चांगलीच गोष्ट आहे, पण खानापूरला ती थांबत नाही आणि आपल्या कामगाराला पाहिजे ती रात्री सुटणारी एक साधी पॅसेंजर, तिच्यासाठी कोण भांडत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

राहिली बाईक. तीच तुझ्या नशिबात आहे तर एक गोष्ट नीट ऐक, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. मी एका शेडमध्ये कामाला असताना जुलैच्या पावसात रात्री प्रभूनगरच्या अलीकडं घसरलो, मनगट मोडलं. रेनकोट फाटून हेडलाईटला गुंडाळलेला, डब्यातली आमटी रस्त्यावर, आणि मी एका हातानं गाडी उचलायला बघतोय. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, गेटच्या बाहेर झालंय, आमचा संबंध नाही. मी गप्प बसलो, दीड महिना बिनपगारी. नंतर कळलं की 2010 सालापासून ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कायद्यात घर ते कारखाना आणि कारखाना ते घर या वाटेवरचा अपघातसुद्धा कामावरचाच अपघात धरतात, फक्त वेळ, जागा आणि काम यांचा मेळ बसला पाहिजे. पगार 21,000 पर्यंत असेल आणि तुझा ईएसआय कापत असतील तर हे तुला लागू आहे. म्हणून शिफ्ट सुटल्याची पंचिंग नोंद, दवाखान्याच्या कागदावर अपघाताची वेळ आणि ठिकाण, आणि कारखान्याला लेखी कळवल्याची पोच एवढं जपायचं, तोंडी सांगून घरी झोपायचं नाही. तुझ्या शेडमध्ये सेकंड शिफ्टला बायका असतील तर त्यांनापण सांग, रात्रपाळीला बायकांना ठेवायचं तर न्यायची आणायची गाडी मालकानंच द्यायची अशी अट आहे. ती गाडी खानापूरकडं येत असेल तर पावसाळ्यापुरतं तुला बसवून घ्यायला विचारून बघायला काय हरकत आहे.

खानापूर तालुक्यातून आणखी एक पत्र: आमच्या गावची सकाळची बस भरून येते आणि थांबतच नाही, पोरं आणि कामगार तसेच राहतात.

अर्ज करा, पण नुसतं 'बस थांबत नाही' लिहून भागत नाही. सलग सहा दिवस वहीत लिहा: बस किती वाजता आली, थांबली काय, किती माणसं मागं राहिली, त्यात शाळा-कॉलेजची किती आणि कामाची किती. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि डेपो मॅनेजरला द्या, पोच घ्या. आणि माझ्यावर रागवू नका, पण अर्ज कन्नडमधून द्या. मराठी शाळेत शिकलेला माणूस आहे मी, मराठी कागदाचा हक्क आपण सोडायचा नाहीच, पण ज्या टेबलावर जाणार तिथला माणूस एका दमात वाचू शकेल असा कागद लवकर हलतो आणि पोरांची परीक्षा कुणासाठी थांबत नाही. बसच्या पाटीवरची कन्नड अक्षरं आपण सगळे वाचायला शिकलोच की, आमची आई शाळेत न जातासुद्धा 'खानापूर' लांबून ओळखते.

हद्दीच्या पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीहून एक ताई: बेळगावात दुकानात काम करते. बसमध्ये शेजारी बसलेली कर्नाटकातल्या उचगावची मैत्रीण फ्री आणि मला तिकीट. भावाच्या बेळगावच्या पत्त्यावर आधार करून घेऊ काय?

नको ताई. रोजच्या तिकिटासाठी पत्ता बदललात तर रेशन आणि महाराष्ट्रातल्या बाकीच्या योजना अडतात, त्यात जास्त जातं. मंथली पास काढा, तुमच्या दुकानात पलीकडून येणाऱ्या आणखी कोण असतील तर मालकाकडं भाड्याचा भत्ता एकत्रच मागा. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये झालं तसं दोन्हीकडच्या गाड्या हद्दीच्या अलीकडूनच वळायला लागल्या तर मालकाला सकाळीच फोन करा, तेवढ्या दिवसांसाठी कर्नाटकाच्या हद्दीतल्या बाचीपर्यंत चालत येऊन तिथून सिटी बस धरता येते.