वाचकांचे प्रश्न : नदीचं पाणी निळं का पडतं?

प्रश्न : फ्रेंच निसर्गचित्रकार दोबिन्यी यांच्या नदीकाठच्या चित्राची तैलरंगात प्रत करतोय. पाणी प्लास्टिकसारखं निळं दिसतं. शिवाय रंग सुरकुततो. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पाण्याला वेगळा निळा घेऊच नका. आधी आकाश रंगवा आणि तेच मिश्रण किंचित गडद करून पाण्याला वापरा. दोबिन्यी १८५७पासून फ्रान्समधल्या वाझ नदीवर होडीत बसून रंगवत. त्यांची नजर पाण्यालगत असे. प्रतिबिंबात पानांची खालची, काळोखी बाजू दिसते. गडद झाडाचं प्रतिबिंब मूळ झाडापेक्षा थोडं फिकं, उजळ वस्तूचं थोडं गडद ठेवा. फटकारे उभे, वरून खाली. रंग ओला असतानाच कोरडा चपटा ब्रश एकदाच आडवा, अलगद फिरवा. दोनदा फिरवलात की चिखल झालाच. ट्यूबमधला हिरवा टाळा, पिवळ्या ऑकरमध्ये (मातकट पिवळ्या रंगात) काळा मिसळून सुंदर शेवाळी हिरवा मिळतो.

सुरकुत्या जाड, तेलकट थरामुळे पडतात. नागपूरच्या उन्हाळ्यात वरची साय लवकर धरते, आतला रंग ओलाच राहतो. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करा, तेल वरच्या थरांत, तेही थोडंच. ओलं चित्र कूलरसमोर ठेवू नका. सकाळी वारा सुटण्याआधी फुटाळा तलावाचं पाणी जरूर न्याहाळा.