फर्स्ट एमबीबीएसची युनिव्हर्सिटी परीक्षा महिन्यावर आलीय, वर्षभराचा अभ्यास कसा आवरू?

पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, अपर लिंबमध्येच (म्हणजे हाताच्या ॲनाटॉमीतच) महिना संपेल (माझा जवळजवळ संपला होता). ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, प्रत्येकी १०० गुणांचे दोन पेपर. तेव्हा आधी जुन्या प्रश्नपत्रिका घे आणि पुस्तक मिटून लिहून बघ. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) वाचताना ओळखीचा वाटतो. कोऱ्या कागदावर काढायला गेलं की पोस्टिरिअर कॉर्डपाशी हमखास गाडी अडते. जिथे अडलं तेवढंच वाच. तोच कागद तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. बायोकेमची रोज एक सायकल (शरीरातल्या रासायनिक क्रियांचं चक्र). व्हायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी) रूममेटला मोठ्याने समजावून सांग. हाड हातात घेऊन उजवं की डावं, इथपासून. आणि हिस्टॉलॉजीच्या स्लाइड्स (मायक्रोस्कोपखाली बघायचे ऊतींचे नमुने) शेवटच्या रात्रीवर ढकलू नकोस, तेव्हा सगळंच गुलाबी दिसतं.