हरणाला बंदूक कळते का?

बोलत जाणारी माणसे आणि त्यांचे कुत्रे पायवाटेने गेले तरी मुंटजॅक हे छोटे हरीण जागचे हलत नाही, पण तुम्ही बंदूक घेऊन रानात शिरलात की शंभर पावलांवरूनच पसार होते. तेव्हा त्याला बंदूक ओळखू येते का, असे तुम्ही विचारले आहे. इंग्लंडमधील रानांत अनेक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्याला खटकते ती तुमची चाल. पायवाटेवरचा माणूस एकाच वेगाने, आवाज करीत, रोजच्या वाटेने येतो आणि निघून जातो. तुम्ही मात्र चार पावले टाकून थांबता, वाकता, झुडपाआड होता आणि त्याच्याकडेच एकटक पाहत राहता, म्हणजे दबा धरणारे जनावर जे जे करते ते सर्व करता.

एकदा पहाटे मी ओकच्या बुंध्याला टेकून बसलो असता रो जातीच्या हरणाची एक मादी चाळीस पावलांवर आली. वारा तिच्याकडून माझ्याकडे वाहत होता, त्यामुळे तिला वास लागला नव्हता, तरी काहीतरी वावगे असल्याचा संशय आला होता. तिने कान टवकारले, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि मग चरण्यासाठी मान खाली घातली. पण ओठ गवताला लागलेच नाहीत, आणि पुढच्याच क्षणी मान झटक्यात वर आली. हे निव्वळ सोंग असते, समोरच्याला हालचाल करायला लावण्यासाठी केलेले, आणि मी त्याला फसलो. बोट हलले मात्र, कुत्र्यासारखे भुंकत ती पांढरा पार्श्वभाग फुलवून दिसेनाशी झाली.

म्हणून आधी वारा पाहा, कारण वास लागल्यावर बाकीची सारी काळजी व्यर्थ ठरते. हरणाला स्थिर आकृती चटकन उमगत नाही, हालचाल मात्र तत्काळ दिसते. लाल-नारिंगी रंग त्याला फिका भासतो आणि निळा ठळक, तेव्हा जीन्स घरीच ठेवा. मुंटजॅकचा पाठलाग करण्यापेक्षा बसून वाट पाहणे बरे, कारण जेमतेम अर्धा मीटर उंचीचे हे जनावर गर्द झुडपांतून सतत सरकत असते आणि उघड्यावर थांबले तरी काही सेकंदच. त्या घाईत हरणामागे गोळी अडवणारी भरीव जमीन आहे की पायवाट, हे पाहायचे राहून जाते. अशी जमीन दिसत नसेल तर बंदूक खाली करावी. एकाच जागी वारंवार जाऊ नये, अन्यथा हरणे रात्रीच बाहेर पडू लागतात, आणि रात्री हरीण मारण्यास तेथील १९९१ च्या कायद्याने मनाई आहे.

मादीबाबत एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. मूळच्या चीनमधील या मुंटजॅकला विणीचा ठरावीक हंगाम नसतो आणि मादी व्याल्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे इंग्लंडमध्ये त्याच्या शिकारीला बंद हंगामही नाही. सडपातळ मादी मारली तर जवळच्या झुडपात दडलेले दूधपिते पाडस उपाशी मरण्याची भीती असते. उलट पोट स्पष्ट सुटलेल्या मादीचे आधीचे पाडस एव्हाना दूध तुटून स्वतंत्र झालेले असते, म्हणून मादी मारायचीच असेल तर जाणते शिकारी अशीच निवडतात. मला स्वतःला हा निर्णय आजही जड जातो, आणि शंका असेल त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परततो.