शिरोलीची फाउंड्री एवढ्यात सोडू नका

तुम्ही लिहिले आहे की मेकॅनिकलची पदवी घेतल्यानंतर गेले आठ महिने तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात काम करत आहात, जर्मन भाषेची ए1, म्हणजे पहिली पातळी पूर्ण झाली आहे, आणि येत्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी नोकरी सोडून जर्मनीत उत्पादनप्रक्रियांच्या पदव्युत्तर शिक्षणाला यावे की आणखी एक वर्ष थांबावे, हे ठरत नाही. मी मूळचा इचलकरंजीचा. अकरा वर्षांपूर्वी रूर खोऱ्यात शिकायला आलो आणि आता येथेच एका कारखान्यात गिअर कटिंगच्या प्रक्रिया ठरवण्याचे काम करतो. माझे मत असे आहे की तुम्ही एक वर्ष थांबावे, फाउंड्री सोडू नये आणि त्या वर्षात जर्मन ए2च्या पुढच्या बी1 पातळीपर्यंत न्यावी.

हे मत समजण्यासाठी येथे हा विषय कसा शिकवतात ते पाहावे लागेल. आपल्याकडे तो बहुधा यंत्रांच्या क्रमाने येतो: लेथ, शेपर, मिलिंग, ग्राइंडिंग, मग वेल्डिंग आणि कास्टिंग. येथे सुरुवातीलाच डिन 8580 हे जर्मन मानक समोर ठेवतात, आणि त्यातील विभागणी यंत्रांवरून केलेली नाही. पदार्थाच्या एकसंधतेचे, म्हणजे त्याचे कण एकमेकांना धरून असण्याचे, काय होते, यावरून ती केलेली आहे. एकसंधता नव्याने निर्माण होत असेल तर पहिला गट, ज्यात तुमचे कास्टिंग येते. ती टिकून फक्त आकार बदलत असेल तर फोर्जिंग, रोलिंग, डीप ड्रॉइंग यांचा दुसरा. ती कमी होत असेल तर कापण्याचा तिसरा. वाढत असेल तर जोडण्याचा चौथा आणि लेप देण्याचा पाचवा. आणि पदार्थाचे गुणधर्म बदलणारा, म्हणजे हीट ट्रीटमेंटसारख्या प्रक्रियांचा सहावा. हे पाठ करायला वेळ लागत नाही. परीक्षेत मात्र असे विचारतात की इंजिनातला एखादा कनेक्टिंग रॉड ओतावा, फोर्ज करावा की धातूची पावडर तापवून घट्ट करून (सिंटर करून) मग फोर्ज करावा, आणि का. ज्याने रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या भागांचा, ढीग स्वतः मोजला आहे त्याचे उत्तर वेगळे येते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले.

प्रयोगशाळेतील एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. सी45 पोलादाचा गोल बार लेथवर होता आणि टूलखाली तिन्ही दिशांचे बल मोजणारा डायनॅमोमीटर बसवलेला होता. डेप्थ ऑफ कट (कापाची खोली) तीच ठेवून फीड, म्हणजे बारच्या एका फेऱ्यात टूल जितके पुढे सरकते ते अंतर, 0.1 मिलिमीटरवरून 0.2 करायचा होता, आणि त्याआधी बल किती वाढेल ते कागदावर लिहून द्यायचे होते. आमच्या गटातील सहाही जणांनी ‘दुप्पट’ असे लिहिले. पडद्यावरची वाढ 1.7 पटीच्या आसपास होती. चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची कात्री, जितकी पातळ, तितके तिच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे लागणारे बल जास्त असते. कापण्याचे बल काढण्याच्या ओटो किन्त्सले या जर्मन अभियंत्याच्या सूत्रातील घातांक पाव धरला तर फीड दुप्पट केल्यावर बल 1.68 पट होते. म्हणजे टूल तुटेल या भीतीने फीड कमी ठेवणारा ऑपरेटर तेवढाच धातू काढण्यासाठी जास्त ऊर्जा खर्च करत असतो. मी भारतात दीड वर्ष शॉपवर काढले होते आणि फीड कमी ठेवा असे कित्येकदा सांगितलेही होते, म्हणून तो आलेख माझ्या मनात रुतून बसला.

भाषेचा आग्रह मी अनुभवातून धरतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, इंटर्नशिपची मुलाखत आणि नंतरची शॉप फ्लोअरची नोकरी जर्मनमध्येच चालते. मी ए2वर आलो, जर्मनमधला एक वैकल्पिक विषय घाईने घेतला आणि त्याच्या तोंडी परीक्षेत नापास झालो. उत्तर मला येत होते, पण ते जर्मनमध्ये मांडता आले नाही. येथे एटीकेटीसारखी सवलत नाही. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीन प्रयत्न मिळतात आणि तिसरा वाया गेला की तो अभ्यासक्रमच हातातून जातो. दुसऱ्या प्रयत्नाआधीचे ते महिने मी कोणालाही सुचवणार नाही.

विद्यापीठांपैकी तुमच्या स्थितीत मी प्रथम डॉर्टमुंड आणि केम्निट्झ पाहीन, कारण दोन्हीकडे उत्पादन तंत्रज्ञानाचा इंग्रजी अभ्यासक्रम आहे. डॉर्टमुंडला धातूचे आकारण आणि कटिंग यांच्या स्वतंत्र संस्था आहेत, तर केम्निट्झमध्ये मशिन टूल बांधण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. आखेनची मशिन टूल प्रयोगशाळा 1906 पासूनची आणि फार मोठी आहे, पण तेथील नियमित अभ्यासक्रम मुख्यतः जर्मनमध्ये असल्याने त्यासाठी बी1 पुरणार नाही. श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहे ज्या राज्यात आहेत तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1500 युरो शुल्क आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2024च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर शिक्षणासाठी ते सत्राला 4000 ते 6000 युरो झाले आहे. डॉर्टमुंडला असे शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि महिन्याला त्यातले 992 काढता येतात. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर भिस्त ठेवू नका. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचे आहे. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून थांबण्याच्या वर्षातले पहिले काम तेच करा. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांचे काम विजेच्या गाड्यांमुळे कमी होत आहे, तेव्हा घरी कर्जाचा हिशोब मांडताना नोकरी लगेच लागेल असे गृहीत धरू नका.

आता त्या वर्षाविषयी. क्वालिटी विभागात बसून रिजेक्शन रजिस्टर भरण्यापलीकडे जा. एक वही घाला आणि प्रत्येक ब्लो होलच्या (ओतीव भागातल्या वायूच्या छिद्राच्या) नोंदीपुढे हीट क्रमांक (वितळवलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक), ओतण्याचे तापमान, ग्रीन सँडमधील (साच्याच्या ओल्या वाळूतील) ओलावा आणि त्या दिवशीची हवा लिहा. पावसाळ्यात रिजेक्शन वाढते हे शिरोलीत सगळे सांगतील. ओलावा किती असताना किती वाढते हे तुमच्या वहीत असले पाहिजे. जून ते सप्टेंबरचे हे आकडे एका आलेखावर मांडा आणि अर्जासोबतच्या पत्रात त्यांच्याविषयी एक परिच्छेद लिहा. तो आलेख तयार झाला की मला पाठवा. पत्राचा जर्मन मसुदा तपासून देण्याची जबाबदारी मी घेतो.