शिकवणं हे सगळ्याच धर्मांत पवित्र मानलंय म्हणतात, मग मला वर्गात तसं काहीच का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच झेडपीच्या शाळेवर रुजू झालात, गुरुपौर्णिमेला आणि ५ सप्टेंबरला प्रत्येक भाषणात ऐकता की शिक्षकाचं काम सगळ्या धर्मांनी पवित्र मानलंय, पण दिवसभर वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं यात तुम्हाला आध्यात्मिक असं काही जाणवत नाही, तर हे खरंच धर्मांत सांगितलंय की नुसतं भाषणापुरतं.

खरंच सांगितलंय. मी स्वतः बरीच वर्षं प्राथमिकला शिकवतेय आणि हा विषय मला मनापासून आवडतो म्हणून थोडं सविस्तर लिहिते. भाषणात अर्धीच गोष्ट येते, गुरूला मान द्या, पाया पडा एवढीच. मूळ ग्रंथ वाचायला घेतले की दिसतं की मान आहेच, पण त्याच्यासोबत शिक्षकाच्या डोक्यावर जबाबदारी ठेवलीय आणि ती चांगलीच जड आहे. माझ्या मते पवित्रपणा असलाच तर तो त्या जबाबदारीत आहे.

माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट ज्यू लोकांच्या तालमूद ग्रंथातली आहे. रब्बी परीदा नावाचे एक गुरुजी होते, त्यांचा एक विद्यार्थी इतका मंद की एकेक धडा चारशे वेळा सांगावा लागायचा, आणि ते सांगायचे. एक दिवस शिकवत असताना कुणीतरी येऊन म्हणालं की तुम्हाला एका धर्मकार्यासाठी यायचंय. त्या दिवशी चारशे वेळा सांगूनही पोराला काही येईना. गुरुजींनी विचारलं, आज काय झालं रे? तर पोरगा म्हणाला की त्या माणसाने तुम्हाला बोलावल्यापासून माझं लक्षच लागत नाहीये, सारखं वाटतंय आता गुरुजी उठतील, आता उठतील. गुरुजी म्हणाले, बरं, आता नीट लक्ष दे, मी सांगतो, आणि परत चारशे वेळा सांगितलं.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपला वर्गच दिसला हो. आपण मुलाजवळ बसलेलो असतो आणि ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो की अमुक माहिती बारा वाजेपर्यंत पाठवा, आपण फोनकडे एकदाच बघतो, पण मुलाला ते कळतं, बाई आता उठणार हे त्याला आपल्या आधी कळतं आणि त्याचं शिकणं तिथेच थांबतं. गोष्टीतल्या त्या मुलाने हे स्पष्ट बोलून दाखवलं, आपली मुलं बोलत नाहीत एवढंच.

त्याच ग्रंथात अजून एक आहे. एका गावात पाऊस पडत नव्हता, रव नावाच्या मोठ्या धर्मपंडिताने उपवास जाहीर करूनही पडला नाही, आणि एक साधा माणूस प्रार्थनेला उभा राहिला तसा पडला. रवने विचारलं, तू करतोस तरी काय? तो म्हणाला, मी लहान मुलांना शिकवतो, गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलासारखंच शिकवतो, ज्याला फी जमत नाही त्याच्याकडून घेत नाही, आणि माझं एक मासळीचं तळं आहे, जे पोरगं अभ्यासाला बसत नाही त्याला मासे देऊन समजावतो आणि बसवतो. केवढं सुंदर उत्तर आहे बघा, यात मंत्र नाही की तपश्चर्या नाही.

आणि हे लोक फक्त गोष्टी सांगून थांबले नाहीत. २५ मुलांमागे एक शिक्षक, ४० झाली तर मदतनीस, ५० झाली तर दोन शिक्षक, आणि खर्चाचा भार गावाने उचलायचा, असं तालमूदमधे लिहिलेलं आहे. आपल्याकडे आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली आला, त्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं ठरलं, आणि पटसंख्येवरून आपली भांडणं अजून चालूच आहेत.

आता आपल्या घरचं बघू. आचार्यदेवो भव सगळ्यांना पाठ असतं, ते तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतलं. पण तिथेच दोन ओळी पुढे आचार्य निरोप देताना शिष्याला म्हणतात की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घे, बाकीची घेऊ नको. देव म्हणा असं सांगून झाल्यावर लगेच हे सांगायला मन केवढं मोठं लागत असेल. त्याच्या थोडं आधी आचार्याची स्वतःसाठी केलेली प्रार्थना आहे, पाणी जसं उताराकडे धावतं, महिने जसे वर्षात जाऊन मिळतात, तसे विद्यार्थी सगळीकडून माझ्याकडे येवोत. पट कमी म्हणून शाळा बंद पडेल की काय या काळजीत असलेल्या कुठल्याही गुरुजींनी ही प्रार्थना वाचावी, ती आपलीच आहे.

बुद्धांनी शेवटच्या दिवसांत आनंद या आपल्या शिष्याला सांगितलं की माझ्याकडे आचार्याची झाकलेली मूठ नाही, जे होतं ते सगळं उघड करून सांगितलंय. आणि सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, शिष्याने गुरूसाठी करायच्या पाच गोष्टी आहेत तशाच गुरूने शिष्यासाठी करायच्याही पाच आहेत, नीट वळण लावणं, समजेल असं शिकवणं, काही राखून न ठेवणं, चार लोकांत त्याचं नाव चांगलं करणं आणि सगळ्या बाजूंनी त्याला सांभाळणं. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे, एकतर्फी नाही.

इस्लाममधे सगळ्यात आधी उतरल्या असं मानतात त्या आयतीच ‘वाच’ म्हणून सुरू होतात आणि त्यांत लेखणीने शिकवणाऱ्या ईश्वराचा उल्लेख आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मक्केच्या लोकांशी झालेल्या ६२४ सालच्या बद्रच्या लढाईनंतर जे कैदी लिहिता-वाचता येणारे होते त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावं आणि सुटावं असं ठरलं होतं, ही परंपरेतली कथा मला फार महत्त्वाची वाटते, कारण शिकवणारे कालपर्यंत समोर तलवार घेऊन उभे होते आणि तरी त्यांच्या हातात आपली मुलं दिली. पण त्याहून जास्त मला भिडते ती कुराणातली अबस ही सूरा, म्हणजे अध्याय. पैगंबर कुरैश टोळीच्या पुढाऱ्यांना समजावत असताना एक अंध माणूस शिकायला म्हणून मधे आला, त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्याबद्दल कुराणातच त्यांना समज दिलीय की जो बेफिकीर आहे त्याच्यामागे तू लागतोस आणि जो धडपडत आलाय त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस. समाजात वजन असलेल्या माणसापेक्षा शिकायला आलेल्या अंध माणसाचा हक्क मोठा, हे खुद्द पैगंबरांना सांगितलं जातं आणि ते ग्रंथात तसंच जपून ठेवलं जातं. वर्गात पालक चांगल्या घरचे आहेत म्हणून कुणाकडे जास्त बघितलं जातंय का, हे तपासायला मला ही सूरा नेहमी उपयोगी पडते.

ख्रिस्ती बाजूला बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर इशाराच आहे की तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होणार. फ्रान्समधे रॅंस शहरात ला साल नावाचे श्रीमंत घरातले धर्मगुरू होते, १६८० च्या सुमारास त्यांनी गरिबांच्या शाळेतल्या शिक्षकांना आपल्या घरी जेवायला-राहायला आणलं, पुढे स्वतःची संपत्ती दुष्काळात वाटून टाकली आणि मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या बोलीत, म्हणजे फ्रेंचमधे वाचायला शिकवलं. १९५० साली चर्चने त्यांना शिक्षकांचे संत म्हणून जाहीर केलं. जैनांच्या णमोकार मंत्रात उपाध्यायांना म्हणजे शिकवणाऱ्यांना स्वतंत्र ओळ आहे, रोज नमस्कार. आणि शिखांचं तर आपल्या नांदेडलाच घडलं, १७०८ साली तिथेच गुरु गोबिंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिलं.

एवढं सगळं चांगलं लिहिल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. आपल्या घरच्या ज्या परंपरेत हे सुंदर शब्द आहेत तिथेच शाळेचं दार बहुतेकांना बंद होतं, शूद्रांना, अतिशूद्रांना, बायकांना. एकलव्याचा अंगठा मी वर्गात गुरुभक्ती म्हणून कधीच शिकवत नाही, मुलं विचारतात सरांनी असं का केलं आणि त्यांचा प्रश्न बरोबर असतो. १८४८ मधे पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांनी मुलींची शाळा काढली, फातिमा शेख त्यांच्यासोबत शिकवत होत्या, आणि त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मधे ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. त्यात ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे. शाळेत जाऊन थोड्याच वर्षांत एक पोरगी हा प्रश्न विचारू शकते, याच्यापेक्षा मोठं आध्यात्मिक काम मला माहीत नाही.

अजून एक, पवित्र या शब्दाचा गैरफायदा घेणाऱ्यांपासून सांभाळा. माझी एक मैत्रीण विनाअनुदानित शाळेत कित्येक महिने बिनपगारी शिकवत होती आणि पगाराचं विचारलं की संस्थेतले लोक म्हणायचे, मॅडम हे सेवाव्रत आहे. हे कुठल्याच धर्मात बसत नाही. त्याग करायचा तर तो संस्था चालवणाऱ्यानेही करायचा असतो, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या सातारच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने दिले होते, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि जेवायची. त्याग म्हणतात तो हा.

राहिलं तुम्हाला काही जाणवत नाही ते. मला ते परिपाठात किंवा भाषणात कधी जाणवलं नाही, अगदी बारीक ठिकाणी जाणवलं. दुसरीत एक मुलगा ५२ वजा २७ केलं की कायम ३५ लिहायचा, म्हणजे सातातून दोन काढायचा, वर-खाली न बघता मोठ्यातून लहान. मी दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे देऊन दशक सुटं करायला सांगायचे, तो गठ्ठा हातात घ्यायचा आणि तसाच खाली ठेवायचा. सगळे खेळायला गेल्यावर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, फोन कपाटात ठेवला होता, आणि बराच वेळ काहीच न बोलता बघत राहिले. मग तो हळूच म्हणाला, बाई, हे तुम्ही बांधलंय नं, सोडलं तर चालतं का? त्याला वजाबाकी अडली नव्हती, बाईंनी बांधलेलं सोडायची भीती वाटत होती. रबर काढला, काड्या दोनदा मोजल्या, दहाच भरल्या, आणि त्यानंतर त्याने २५ लिहिलं.

त्या वेळी मला परीदा गुरुजी आठवले एवढं खरं. तुम्हाला वाचायचंच असेल तर शीक्षावल्लीपासून सुरुवात करा, छोटी आहे, मराठी अर्थासकट एका संध्याकाळी होते, मग सिगालोवाद सुत्त घ्या. आणि तुमच्या वर्गात कुठलं मूल कशात अडलंय ते लिहा, मला जे जमलंय ते नक्की सांगेन.