गालिच्यावरचा लाल मातीचा डाग: आधी पुसणं थांबवा

तुम्ही लिहिलंय की गावाहून आलेल्या मंडळींच्या चपलांचा कोकणातला लाल चिखल फिक्या रंगाच्या लोकरी गालिच्याला लागला, तुम्ही लगेच ओल्या फडक्यानं पुसलात आणि डाग ताटलीएवढा झाला. आता आणखी पुसू नका. ओली माती घासली की लवीच्या मुळाशी जाऊन बसते. पंखा लावून पूर्ण वाळू द्या. पावसाळी हवेत एक अख्खी रात्र सहज जाते.

वाळल्यावर बोटांनी लव चोळून खपल्या मोडा, चमच्याच्या कडेनं हलकेच खरवडा आणि व्हॅक्यूम चारही दिशांनी फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर गालिचा वर्तमानपत्रावर पालथा घालून मागून बडवा. खाली पडणारी माती बघून तुम्हीच चकित व्हाल. इथे कंटाळा केलात तर पुढे पाणी लागताच उरलेल्या मातीचा पुन्हा चिखल होणार.

मग २ कप कोमट पाण्यात १ चमचा भांड्यांचं लिक्विड. पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. रंगीत फडकं नको, त्याचाच रंग उतरायचा. फडक्याची बाजू बदलत राहा. शेवटी साध्या पाण्यानं असंच टिपून साबण काढा. साबण राहिला तर तिथेच धूळ चिकटते.

देशावरच्या काळ्या मातीचा डाग बहुधा एवढ्यावर जातो. कोकणातल्या जांभा दगडाच्या मातीचा लाल रंग मात्र लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीचा. माती निघाली तरी तांबूस छाया राहते. तिला आंबट लागतं: १ कप पाण्यात १ चमचा सायट्रिक ॲसिड (ढोकळ्यासाठी आणतो तेच, लिंबाचं फूल). आधी सोफ्याखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग उतरत नाही ना ते पाहा. मग डागावर टिपा, दहा मिनिटं थांबा, साध्या पाण्यानं पुन्हा टिपून काढा. एका फेरीत जाईलच असं नाही.

ब्लीच चुकूनही नको. त्यानं गंजाचा रंग जात नाही, लोकर मात्र पिवळी पडून विरते. कपड्यांची पावडर आणि सोडाही लोकरीला मानवत नाही. आणि तो व्हिडिओतला सोडा-व्हिनेगरचा फेस! दिसतो झकास, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि डाग हसत बसतो.

हे सगळं करताना गालिचा भिजवायचा नाही, नुसता दमट करायचा. टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता लव कापडात टोचून बसवलेल्या, गालिच्याच्या मागे कापड रबरी चिकानं चिकटवलेलं असतं. आत पाणी मुरलं की कुबट वास धरतो. काम झालं की कोरडा टॉवेल ठेवून त्यावर उभे राहा, ओल शोषली जाईल. नंतर कडेखाली पाट सरकवून खालूनही वारा लागू द्या. गालिचा हाताच्या गाठींचा, महागातला असेल तर आंबट पाण्याचा प्रयोग घरी नको. माती झटकून थेट धुणाऱ्याकडे द्या आणि लाल मातीचा डाग आहे हे त्याला आवर्जून सांगा.