ट्रायलच्या पेशंटचं बिल कोणी भरायचं? आधी तारीख सांगा

या महिन्यातला हा असा तिसरा मेल, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देतो. वडील 61 वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर, पुण्यात इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या औषधांच्या) ट्रायलवर, म्हणजे औषधाच्या चाचणीत. तिसऱ्या डोसनंतर दिवसाला दहा-दहा जुलाब, रात्री तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं, मग आयसीयू, बिल 2 लाख 70 हजार. नवव्या दिवशी ट्रायलच्या कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, हे आजारामुळे, ट्रायलचा काही संबंध नाही. संमतीपत्रावर सही तर आपणच केलीय, मग आता काय, असं तुम्ही विचारताय.

सही केली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, ते सोडा. तुमचं सगळं अडकलंय 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांतल्या नियम 40 वर. ट्रायल चालू असताना पेशंटला इजा झाली तर उपचार फुकट, ट्रायलच्या डॉक्टरांच्या मते गरज आहे तोवर किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, जे आधी होईल ते. यात "सिद्ध" हा शब्द बघा. मॅडम फोनवर बोलल्या म्हणजे सिद्ध होत नाही, तो निर्णय दिल्लीत ड्रग कंट्रोलरच्या ऑफिसात होतो आणि त्यासाठी कागद वर जावा लागतो. डॉक्टरांनी गंभीर घटना 24 तासांत कळवायची, ती कशामुळे झाली याचा रिपोर्ट 14 दिवसांत, त्यावर एथिक्स कमिटीचं (पेशंटच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचं) मत 30 दिवसांत, आणि भरपाईचा आदेश निघाला की स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीने 30 दिवसांत पैसे द्यायचे.

पण ट्रायलच्या डॉक्टरांना कळवलं कोणी? नऊ दिवस तुम्ही गप्प! ट्रायलची माहिती देणाऱ्या इन्फर्मेशन शीटवर डॉक्टरांचा नंबर छापलेला असतो, आणि ते शीट "घरात कुठेतरी असेल" असं तुम्ही लिहिलंय. सही केलेल्या संमतीपत्राची कॉपी मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, तीही तुम्ही कधी मागितली नाही. आता "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" असं त्यांनी म्हटलं की तुमच्या हातात काय, एक कॉल लॉग.

त्याहून मोठी गडबड डिस्चार्ज कार्डात आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत निदान "ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस", आणि ट्रायलचा तर उल्लेखच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल बाहेरचं काहीतरी खाल्लं. या औषधांनी आतड्याला सूज येऊ शकते, हे कॅन्सरवाल्या डॉक्टरांना माहीत असतं आणि त्यावर बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा, स्टेरॉइड दिलं होतं का, ट्रायलचं तुम्ही सांगितलं होतं का, आणि तसं वेगळं पत्र घ्या. जुन्या कार्डावर पेन लावू देऊ नका, त्याने केस मरते. इनडोअर पेपर (ॲडमिट असतानाच्या उपचारांच्या नोंदी) लेखी अर्ज करून मागा, 72 तासांत द्यायचे असतात.

मग आज रात्रीच ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांना मेल टाका आणि एथिक्स कमिटीला कॉपी ठेवा. घटना कधी झाली, फोन कधी केला, काय उत्तर मिळालं ते लिहा, बिलं जोडा आणि "संबंध नाही" असं म्हणत असतील तर ते लेखी मागा. ट्रायल सोडायची असेल तर सोडा, पण "तक्रार नाही" असल्या कागदावर सही करू नका.

दुसऱ्या हॉस्पिटलचं बिल पूर्ण मिळेलच असं मी म्हणणार नाही, त्यावर वाद होईल. भरपाई किती हेही आज सांगता येत नाही. मेडिक्लेमबद्दल पॉलिसी बघितल्याशिवाय बोलणं चूक. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं आहे, पण ट्रायलचे उपचार फुकट होते म्हणून तुम्ही ग्राहक ठरता का, इथूनच समोरचे लोक सुरुवात करतील आणि तारखा पडत राहतील, म्हणून तो मार्ग शेवटी.

मेल गेला की त्याची कॉपी मला पाठवा. फोन करू नका.